पत्र्यावरचे दगड

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरावर सत्तावीस दगड होते. त्यातला एक, चांगला कलिंगडाएवढा, बरोबर तिच्या नातीच्या झोळीच्या वर. हे मला माहीत आहे, कारण एका रविवारी मी शिडी लावून ते मोजले आणि उतरताना शेवटची पायरी चुकवून सरळ शेणाच्या पाटीत पाय दिला. ओसरीत गहू निवडत बसलेली आक्का मान वर न करता म्हणाली, "जमिनीच्या मास्तरानं जमिनीवरच ऱ्हावं."

आक्काचं गाव लोह्याच्या पुढं, डांबरी सोडून आत. मी नांदेडला एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. आमच्या नात्यागोत्यात या विषयाला 'दगडाचं शिक्षण' म्हणतात. माझ्या लग्नात सासऱ्यांनी पाहुण्यांना 'जावई खाणीत असतात' असं सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडचे दोन म्हातारे अजूनही मला भेटले की 'काय निघालं का?' म्हणून विचारतात.

आता घरावर दगड कशाला, हे आमच्या भागात कुणी विचारत नाही. घरावर पत्रे, पत्र्यावर दगड. वैशाखात वारं सुटलं की पत्रे जाग्यावर राहायला हवेत, म्हणून. हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की मला माहीत होतं.

आक्काला त्या गावात देण्यामागंही दगडच होते. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरकडं, औशाजवळच्या आमच्या गावात होतो. आमचं घर पडलं नाही, नुसतं उभं चिरलं. शेजारच्या गावांत काय झालं ते वडील बघून आले. त्यानंतर ते मातीच्या माळवदाखाली कधी झोपले नाहीत. पुढं आक्कासाठी स्थळं यायला लागली. लातूर शहरातलं एक बरं स्थळ होतं, मुलगा नोकरीला होता. वडिलांनी ते परत पाठवलं. लोह्याकडचे लोक आले, तेव्हा त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना शेती किती, विहिरीला पाणी किती, काही विचारलं नाही. एकच विचारलं, "तुमच्याकडं हाललं का हो?"

व्याही म्हणाले, "भांडं वाजलं. पडलं न्हाई."

तेवढ्यावर सोयरीक ठरली. आक्का माझ्यावर चिडली की अजून म्हणते, "तुला कॉलेजात घातलं आन् मला न पडलेल्या भांड्याला दिलं."

त्या व्याह्यांनी पुढं भीतीपोटी आपलंही माळवद उतरवलं, जड भिंती निम्म्या केल्या आणि वर पत्रे टाकले. उतरवलेल्या भिंतीचे दगड पडूनच होते. तेच वर ठेवले, पत्र्याला वजन म्हणून. म्हणजे भूकंपाच्या धाकानं भिंतीतून काढलेले दगड डोक्यावर जाऊन बसले. तीसेक वर्षं बसले.

मग ती न हालणारी जमीन हालायला लागली.

पहिल्या धक्क्याचा फोन आक्काचाच आला. सकाळी मी चहाच्या आधणात आलं ठेचून टाकत होतो.

"भाऊ, जमिनीखालून कुणी तरी कणगी ओढून राहिलंय."

"कधी?"

"आत्ता. फळीवरचे डबे नाचले. पोरगी झोळीत व्हती." मग हळूच विचारलं, "ह्ये त्येच हाय का?"

'त्येच' म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. मी चहा शेगडीवर तसाच सोडला आणि तिला नीट समजावून सांगायला लागलो. आपल्याखालचा काळा खडक, त्यातल्या भेगा, पावसाचं मुरलेलं पाणी, खाली वाढणारा दाब, आणि हे अजून एक अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही, लहान धक्क्यांची अशी रांग लागते आणि बहुतेक वेळा ती आपोआप विरते. चहा उतू गेला. बायकोनं येऊन शेगडी बंद केली आणि हातवारे करून विचारलं की कोण मेलं.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मोठा येनार न्हाई."

"असं म्हणता येत नाही."

"मंग येनार म्हन."

"तसंही म्हणता येत नाही, आक्का."

"मंग तुला येतंय काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी तीस वर्षांच्या शिक्षणात तयार केलेलं नव्हतं.

धक्के येत राहिले. महिन्यातून एखादा, कधी लागोपाठ दोन. आमच्या ओळखीच्या संशोधकांनी तालुक्यात तीन-चार ठिकाणी यंत्रं बसवली. त्यातलं एक आक्काच्या गावच्या शाळेत, खिचडीच्या पोत्यांशेजारी. माझं काम मोठं नव्हतं. आठवड्यातून एकदा जायचं, नोंदी घ्यायच्या आणि उंदरांनी वायर कुरतडली का ते बघायचं. पण नांदेडात भूकंपावर बोलणारा माणूस लागला की माझा नंबर कुणाकडं तरी असायचाच. बघता बघता मी तज्ज्ञ झालो. घरच्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं.

आधी बोलावणं आलं ते अधिकाऱ्यांच्या बैठकीचं. मी चाळीस चित्रं तयार करून नेली. खडकाचे थर रंगवायला मुलीनं मदत केली होती. सहाव्या चित्राला बैठकीतले मुख्य साहेब घड्याळ बघून म्हणाले, "सर, फार छान. पण लोकांनी करायचं काय, ते सांगा. एक ओळ द्या. पत्रकावर एकच ओळ बसते."

मी गडबडलो. चौतीस चित्रं शिल्लक होती. डोळ्यांसमोर आली ती झोळी, आणि वरचा दगड. भिंत हालली की पत्रा सरकतो, पत्रा सरकला की दगड थेट आत. हे मी कितीदा तरी मनात बघितलं होतं. म्हणालो, "घराच्या पत्र्यावरचे जड दगड त्वरित काढावेत."

"हे झालं," साहेब म्हणाले. लिहून घेतलं. माझ्या आयुष्यात माझं एखादं वाक्य एवढ्या पटकन कुणी मान्य केलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी स्वतःला दुसरा चहा पाजला.

बाहेरच एक माइकवाला पोरगा उभा होता. "सर, जनतेला एका शब्दात सांगा. येणार का नाही?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो, आणि का सांगता येत नाही ते सांगायला तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडाचा फोटो आणि त्याखाली 'तज्ज्ञही हतबल!' असं सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरलं. लातूरच्या मावशीनं फोन करून तब्येत विचारली.

लातूरलाच पुढं शिक्षकांपुढं बोलायचं होतं. तिथं मी तयारीनं गेलो, भाषा सोपी केली, दोन विनोद घातले. "हे धक्के अगदी सूक्ष्म आहेत," असं म्हणालो. सभागृहात कुणी हसलं नाही, कुणी खोकलंही नाही. शेवटी माझ्याच वयाच्या एक बाई उठल्या.

"सर, सूक्ष्म तुमच्या यंत्राला. आमच्या सासूबाई अजून दाराला आतून कडी लावू देत नाहीत. पळायला यायला पाहिजे म्हणून. त्यांना मी घरी जाऊन काय सांगू?"

मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे." अडलेला वक्ता नेहमी हेच म्हणतो. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि खाली बसल्या. त्या प्रश्नाचं मी काय केलं, तर पुढच्या दोन भाषणांत तो किस्सा म्हणून सांगितला. लोकांना आवडला.

आणि मग आक्काचं गाव.

शाळेच्या व्हरांड्यात सभा ठेवली होती. बायका डाव्या अंगाला, पुरुष पायऱ्यांवर, पोरं खिडक्यांत. या वेळी मी चित्रं नेलीच नाहीत. पुठ्ठ्याचं एक घर केलं होतं, वर डब्याच्या पत्र्याचं छत, छतावर खडे, आत आक्काच्या नातीची बाहुली. हे सगळं पीठ चाळायच्या चाळणीवर ठेवलं आणि चाळणी हलवली. छत सरकलं, खडा आत पडला, बाहुली आडवी झाली. बायकांमधून 'अगं बाई' असा आवाज आला. नातीनं भोकाड पसरलं. चाळीस चित्रांना जे कधी जमलं नव्हतं ते एका चाळणीनं केलं, आणि मी हवेत गेलो.

तेवढ्यात पायरीवरून गुरुजी उठले. गुरुजी म्हणजे याच शाळेतून निवृत्त झालेले, आक्काच्या गल्लीच्या टोकाला राहणारे. बुद्धवाड्यातून शिकून पुढं गेलेली आमच्या ओळखीची दोन पोरं यांच्याच हाताखालून गेलेली. आवाज बारीक, धोतर पांढरं, हातात घडी घातलेला पेपर.

"सर, दगड काढायचे हे पटलं. पण दगड काढल्यावर वाऱ्याचं काय?"

मला पुढचा प्रयोग दाखवायचा होता. परातीत पाणी घेऊन ठेवलं होतं, लाटा दाखवायला. मी म्हणालो, "गुरुजी, वाऱ्याचं खातं माझ्याकडं नाही. ते हवामानवाल्यांना विचारा. मी फक्त जमिनीखालचं बघतो!"

सगळी सभा हसली. पायरीवरच्या कुणी तरी वर जोडून दिलं, "गुरुजी, तुमची बदली करू का वाऱ्याच्या खात्यात?" पुन्हा हसले. गुरुजी पण हसले, आणि पेपरची घडी सारखी करत खाली बसले. मी परात पुढं ओढली.

सभा संपायच्या आत आक्का उभी राहिली. चारचौघांत कधी न बोलणारी. पदर सावरत म्हणाली, "माझा भाऊ एवढ्या लांबून येऊन सांगून राहिला. उद्या पहिले माझ्या घरचे उतरिवते. मंग तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फोटो आला. भाचा वर, दाजी शिडीवर, खाली सत्तावीस दगडांचा ढीग आणि ढिगावर राणीसारखी बसलेली नात. खाली आक्कानं भाच्याकडून लिहून घेतलं होतं, 'भावाचं ऐकलं.' मी तो फोटो पुढं चार अधिकाऱ्यांना पाठवला. आठवड्याभरात गल्लीतल्या नऊ घरांवरचे दगड उतरले. माझी ती एक ओळ छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेली होती, आणि ऐकलं की आसपासच्या सगळ्याच गावांत डकवली होती. नायगावकडं, बिलोलीकडंसुद्धा.

मग वैशाख आला. त्याच्या यायच्या तारखा मला माहीत नव्हत्या असं नाही.

दुपारची वेळ. भाच्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. मागून एवढा आवाज येत होता, की आधी मला वाटलं, मोठा आला. भाचा ओरडून सांगत होता, "मामा, पत्रे गेले! वारं लई हाय, पत्रे गेले, गुरुजीला लागलं!"

नीट कळलं ते तिसऱ्या दिवशी गेल्यावर. वारं आलं आणि आक्काच्या घरावरचे तीन पत्रे पत्त्यासारखे उचलले गेले. दोन शेजारच्या वावरात पडले. तिसरा गल्लीतून तिरका गेला. स्टँडवरून पेपर घेऊन येणारे गुरुजी टोकाला भिंतीशी उभे राहिले होते, वारं जाऊ द्यावं म्हणून. पत्र्याची कड त्यांच्या दंडापासून कोपरापर्यंत फिरली. लोह्याला नेऊन टाके घालावे लागले. नातीला काही झालं नाही. तिच्या झोळीवरचाच पत्रा गेला होता. आक्का धावत आत गेली तेव्हा ती वर दिसणाऱ्या आभाळाकडं बघून हसत होती.

मी पोचेपर्यंत पत्रे परत चढले होते. आणि दगडही. सत्तावीसचे छत्तीस झाले होते. नऊच्या नऊ घरांवर पहिल्यापेक्षा जास्त. झोळीच्या वर कलिंगडाएवढा दगड नव्हता, तिथं आता जात्याची जुनी तळी होती.

"हे काय?" मी भाच्याला विचारलं.

"जड पाहिजे व्हतं, मामा." तो माझ्याकडं बघत नव्हता. "आता तुम्ही काही सांगू नका. गल्लीतले लोक लई बोलून राहिले."

मी आधी गुरुजींकडं गेलो. खाटेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला, पेपर मांडीवर. एका हातानं पान उलटता येत नव्हतं म्हणून पहिलंच पान दुसऱ्यांदा वाचत होते. मी माफी मागायची वाक्यं रस्त्यात तयार केली होती. ती काही निघाली नाहीत. मी नुसतं म्हणालो, "गुरुजी, चुकलं."

"बसा सर." त्यांनी सुनेला चहा सांगितला. मग म्हणाले, "मी पस्तीस वर्षं चौथीला शिकवलो. एखादं पोरगं प्रश्न विचारलं आणि मास्तरानं वर्ग हसवला, की ते पोरगं परत कधी विचारत न्हाई. मी म्हातारा आहे, मला लाज कमी आहे, म्हणून परत विचारतो. वाऱ्याचं खातं कुणाकडं आहे?"

सुनेनं चहा आणला. मी त्यांचा कप त्यांच्या चांगल्या हाताशी सरकवला.

"तुमचं खोटं न्हवतं," ते म्हणाले. "निम्मंच व्हतं."

आक्का त्यांच्याकडं गेलीच नव्हती. रोज भाकरी-भाजीचा डबा शेजारच्या पोरांच्या हाती पाठवत होती, स्वतः उंबरा ओलांडत नव्हती. मी घरी आलो तर ती चुलीपुढं पाठमोरी बसलेली.

"आक्का, यात तुझा काय दोष? चूक माझी आहे."

"तुझी चूक कागदावर हाय. माझी गल्लीत हाय." भाकरी थापायचा हात थांबला नाही. "पत्रा माझा व्हता. लोक म्हनत्यात, हिचा भाऊ आला, हिनं शान मारली, गुरुजीचा हात गेला."

"हात गेला नाही, टाके—"

"तू परत मोजू नको!"

मी वर बोट करून म्हणालो, "पण ती जात्याची तळी तिथं ठेवायची नाही. पोरगी खाली झोपते."

"मंग कुठं ठिवू? तू काढ म्हनलास, काढले. वारं आलं. आता ठिवले, तर हालंल म्हनतोस. वरून येतंय का खालून येतंय, एकदा ठरवून सांग ना बाबा."

आणि ती रडायला लागली. आक्काला मी वडील गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, त्यानंतर नाही. तिच्या पाठीवर हात ठेवावा का नाही, हे माझं ठरेना. मी उठून बाहेर गेलो आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीपुढं उभा राहिलो. 'घराच्या पत्र्यावरचे जड दगड त्वरित काढावेत.' ओळ चांगली होती. ठळक होती. खिशात बॉलपेन होतं. ओळीच्या आधी जागाच नव्हती, म्हणून खाली लिहिलं, 'आधी पत्रे बांधून घ्यावेत.' बॉलपेन कागदावर फुटलं. अक्षर असं आलं की जाणाऱ्या एका पोरानं विचारलं, "काका, कुणाचं नाव लिहून राहिले?"

दोन दिवसांनी मी लोह्याहून एक पत्रेवाला घेऊन आलो. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत पँट, तोंडात तंबाखू. वर चढला, इकडंतिकडं ठोकून बघितलं आणि वरूनच म्हणाला, "हे दगड काढा म्हणून कुणी सांगितलं व्हतं हो?"

दाजींनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्यांनी? ह्यांना एकदा वर चढवा."

"चढलो होतो," मी म्हणालो. "मोजले होते."

"मोजून काय व्हतंय? सर, लोक येडे म्हणून दगड ठिवत न्हाईत. ह्यांचे वासे लाकडाचे हायत, वाकडे. लोखंडी पाइपाला पत्रा अडकवायचा आकडा ह्याला बसत न्हाई. खिळा मारला तर भोक मोठं व्हऊन पत्रा फाटतो. म्हणून दगड. आता पत्र्यावरून आडवे बांबू टाकू, आन् बांबू तारेनं वाशाला खालून आवळू. जागोजाग. मग वारं बी न्हाई आन् दगड बी न्हाई."

एवढंच होतं. माझ्या चाळीस चित्रांत हे चित्र नव्हतं, आणि हा माणूस माझ्या कॉलेजपासून एका तासावर राहत होता. मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मी विचारायचं कुणाला, तर माझ्याहून जास्त शिकलेल्याला.

दिवसभर काम चाललं. मी आत माळ्यावर वाकून तारेचं टोक धरायचं आणि तो वरून 'वढा' म्हणाला की ओढायचं. माझी कंबर दोनदा धरली. दुपारनंतर गळ्यात हात बांधलेले गुरुजी गल्लीतून हळूहळू आले आणि आक्काच्या ओसरीवर बसले. आक्का आत होती. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, त्यांच्यापुढं ठेवला, तिथंच उभी राहिली.

"बाई, भाकरी चांगली असते," गुरुजी म्हणाले. "पण डबा परत रिकामा द्यायला मला लाज वाटते. तुम्हीच या आता न्यायला."

आक्कानं तोंडाला पदर लावला. गुरुजींनी मान वर केली आणि पत्रेवाल्याला विचारलं, "त्या कोपऱ्याला तार एकच का?"

"गुरुजी, दोन मारतो," तो म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

संध्याकाळपर्यंत बांबू आवळून झाले. पत्रेवाल्यानं एका पत्र्याला खालून दोन्ही हातांनी रेटून दाखवलं. हालला नाही. भाच्यानं दगड उतरवायला सुरुवात केली. पहिली जात्याची तळी. मी खाली झोळीशी उभा राहून वर बघत होतो. तळी निघाली तसं त्या जागी पत्र्यावर गंजाचं एक वाटोळं राहिलं.

"सगळे काढ," आक्का अंगणातून भाच्याला म्हणाली. "एक ऱ्हाऊ दे."

"कोणता?"

"ते कलिंगडाएवढं हाय ना, पहिलं. ते माझ्या खाटेच्या वरच्या पत्र्यावर ठिव. कोपऱ्यात."

मी बाहेर आलो. "आक्का, तार बांधलीय. तो एक दगड काहीच धरणार नाही. उलट—"

"धरायला कोन ठिवून राहिलंय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझं परत काही सांगायचं ऱ्हायलं असंल, तर ते पहिलं माझ्यावर येऊ दे, म्हणून."

मी पत्रेवाल्याकडं बघितलं. तो तंबाखू मळत होता. गुरुजींकडं बघितलं. ते त्यांच्या पेपरकडं बघत होते. भाच्यानं दगड ठेवला.

गल्लीतल्या नऊपैकी पाच घरांनी नंतर बांबू आवळून घेतले. चार घरांवर दगड आहेत तसेच आहेत. मी गेलो की ते लोक चहा देतात, हवापाण्याचं बोलतात. साहेबांना मी पत्र लिहिलं की पत्रकात आणखी एक ओळ हवी. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. आधीची पत्रकं किती गावांत गेली, किती घरांनी दगड उतरवले आणि पत्रे तसेच सोडले, हे मी कुणाला विचारणार? वैशाखात वारं सुटलं की नांदेडात घराच्या खिडक्या लावताना मला नायगाव आठवतं, बिलोली आठवतं. तिथं माझी बहीण राहत नाही, म्हणून तिथून फोन येत नाही, एवढंच.

भाषणं आता कमी करतो. करतो तेव्हा सुरुवातीलाच प्रश्न विचारून घेतो, म्हणजे मग माझ्याकडं सांगायला फारसं उरत नाही. लातूरच्या त्या बाईंना उत्तर अजून दिलेलं नाही. त्यांचा किस्सा मात्र सांगायचा बंद केला.

धक्के अजून येतात. आले की आक्काचा फोन येतो. पूर्वी ती विचारायची, ह्ये त्येच हाय का. आता विचारत नाही, सांगते. "हाललं. डबे वाजले. पोरगी झोळीत झोपलेलीच हाय. माझा दगड जाग्यावर हाय."

"आक्का, खाट जरा सरकव ना," मी म्हणतो. "दगडाखालून. दोन हात."

"सरकिवते," ती म्हणते. दर वेळी म्हणते.

परवा गेलो होतो. सारवलेल्या जमिनीवर खाटेच्या पायांचे चार खळगे पडलेत, चांगले बोटभर खोल. खाट त्याच खळग्यांत उभी होती.